वार्धक्याचा वाटा

१८५३ साली वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांच्या हाती गेला, तेव्हापासून शंभर वर्षे पैनगंगा ही दोन अमलांमधली सरहद्द होऊन वाहिली. तिच्या वऱ्हाडाकडील खोऱ्यात, आजच्या यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यात, फुलसावंगी नावाचे गाव आहे. नदीपलीकडे माहूरचे डोंगर, रेणुकेचे व दत्ताचे स्थान. इतिहासाच्या ग्रंथांतून माहूर पदोपदी भेटते. फुलसावंगी भेटत नाही. हा मुलूख पूर्वी जुन्या वाशिम जिल्ह्याच्या पुसद तालुक्यात मोडत असे. १९०५ साली तो जिल्हा मोडला, वणी जिल्ह्यास यवतमाळ हे नाव मिळाले आणि पुसद तालुका त्यास जोडला गेला. सरकारी दप्तरातील एवढी हालचाल सोडली, तर अशा गावांच्या वाट्यास इतिहास फारसा येत नाही. मग त्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या वाट्यास तो कोठून येणार?

तरीही प्रश्न विचारण्याजोगा आहे. हातपाय थकल्यावर येथील माणूस पूर्वी कशावर जगत असे? सुशिक्षित घरांतून या प्रश्नाचे एक तयार उत्तर ऐकू येते. पूर्वी एकत्र कुटुंबे होती, मुले आज्ञाधारक होती, सुना मर्यादशील होत्या, म्हणून वडीलधाऱ्यांचे सुखाने चाले. आता काळ पालटला. हे उत्तर आम्हांस पुरेसे वाटत नाही. मुले पूर्वी अधिक प्रेमळ होती याचा पुरावा कोणी दिलेला नाही, आणि सासूसुनांच्या ओव्या ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांस तो शोधण्याचा उत्साहही राहणार नाही. जुन्या काळी वृद्धास जो आधार होता त्याची मुळे मायेहून अधिक कठीण जमिनीत होती, असे आमचे मत आहे.

प्रथम एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थानातील माणसाचे जन्मवेळचे सरासरी आयुर्मान सुमारे तेवीस वर्षे होते. याचा अर्थ सारेच तिशीच्या आत मरत असा नव्हे. बालमृत्यूंचे प्रमाण भयंकर असल्याने सरासरी खाली येई, आणि लहानपणाची खिंड ज्याने ओलांडली तो साठी-सत्तरीपर्यंत जाऊही शके. परंतु वाटेत पटकी, प्लेग, दुष्काळ आणि १९१८ सालचा इन्फ्लुएंझा उभे होते. घरात एखादी म्हातारी असली तर ती गावाची म्हातारी असे. आज २०११ च्या शिरगणतीप्रमाणे महाराष्ट्रात साठीवरील माणसे शेकडा ९.९ आहेत. जुन्या व्यवस्थेने जे ओझे उचलले ते हलके होते, हे तिची स्तुती करताना विसरू नये.

वृद्धसेवेचे मराठीतील सर्वांत जुने तपशीलवार वर्णन शोधू गेल्यास आपण वऱ्हाडातच येऊन पोहोचतो. माहूर हे महानुभाव पंथीयांसही पूज्य. दत्तात्रेय आणि चांगदेव राऊळ यांच्या कथा त्या डोंगराशी जोडलेल्या आहेत. याच परंपरेतील गोविंदप्रभू, अर्थात गुंडम राऊळ, तेराव्या शतकात आजच्या अमरावती जिल्ह्यातील ऋद्धिपूर येथे राहत. गाव त्यांस वेडा म्हणे आणि देवही म्हणे. मनास येईल त्या घरात शिरावे, आवडेल ते खावे, रागवावे, हसावे, अशी त्यांची रीत. चक्रधरस्वामींनी उत्तरापंथास प्रयाण केल्यावर नागदेवाचार्य, म्हाइंभट, महदाइसा आदी शिष्यमंडळी ऋद्धिपुरास येऊन राहिली व गोविंदप्रभूंच्या अखेरपर्यंत त्यांची सेवा करीत राहिली. म्हाइंभटांच्या नावावर असलेल्या त्यांच्या चरित्रात या दिवसांच्या बारीकसारीक हकीकती आहेत: खाण्यापिण्याचे हट्ट, फिरण्याचा नाद, अखेरचे आजारपण. महदाइसेचे धवळे, ज्यांना मराठीतील आद्य कवयित्रीची रचना म्हणतात, तेही या लहरी वृद्धाच्या इच्छेवरून रचले गेले.

भक्तास या चरित्रात ईश्वराच्या लीला दिसतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने आणखी एक गोष्ट पाहावी. सेवा करणाऱ्यांपैकी एकही त्यांचा मुलगा किंवा सून नव्हती. आणि गावातील बायका त्यांस जे वाढीत, ते भीक म्हणून वाढीत नसत. घरात शिरून खाणे हा राऊळांचा अधिकारच आहे असे साऱ्या गावाने मानले होते. वार्धक्यातील लहरीपणास गावाने हक्काची जागा दिल्याचे इतके जुने उदाहरण आम्हांस दुसरे आठवत नाही.

राऊळांस जे देवपणाने मिळाले, ते सामान्य गावकऱ्यास वाट्याने मिळत असे. शेत घराण्याचे, वतन घराण्याचे, बलुतेही घराण्याचे. सुताराचा हात थरथरू लागला म्हणून खळ्यावरची त्याची पेंढी बंद होत नसे. ती पेंढी त्या हातास नव्हे, त्या घरास मिळे, आणि मुलगा वा पुतण्या काम करी तोवर म्हाताऱ्याचे ताट त्यातच भागे. पाटलाचा मान, जोश्याचे धान्य यांची तीच रीत. ज्यास स्वतःचा वाटा चालविता येत नाही त्यासाठी आपल्या धर्मशास्त्राने व व्यवहाराने ‘अन्नवस्त्र’ असा सुटसुटीत शब्द राखून ठेवला होता. अन्नवस्त्राचा दावा लागे, तो पंचांपुढे जाई, त्याची फारखत होई. दान मागता येते, दावा लावता येत नाही. या एका भेदात सारे आले. लढाईत पडलेल्या शिपायाच्या मुलाबाळांस पेशवाईत ‘बालपरवेशी’ मिळे, तिच्या मागेही हीच समजूत होती, की चाकरी एका माणसाने केली तरी भाकरी घराण्याची.

इंग्रजांची पेन्शन या समजुतीस अगदी परकी होती, आणि तिचा पहिला मोठा धडा खुद्द पेशव्यांच्याच घरास मिळाला. दुसरा बाजीराव १८१८ साली शरण आला, त्यास कंपनीने साल आठ लाख रुपये लावून दिले व गंगाकाठी ब्रह्मावर्तास नेऊन ठेविले. आठ लाखांची पेन्शन खात तेहेतीस वर्षे जगलेला दुसरा मराठी वृद्ध झाला नाही! त्याच्या दीर्घायुष्याने कंपनीचे हिशेबनीस हैराण झाले असतील. १८५१ साली तो वारला आणि कंपनीने पेन्शन बंद केली; ती माणसास होती, माणूस संपला. दत्तकपुत्र नानासाहेबांच्या दृष्टीने ती घराण्यास होती. या दोन समजुतींमधील भांडण १८५७ साली कानपुरास कोणत्या थरास गेले ते वाचकांस ठाऊक आहे. राज्य गेल्याचे दुःख मोठे होतेच, पण वाटा बुडाल्याचा संताप काय करू शकतो तेही तेथे दिसले.

येथे जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा मोह होतो, आणि तो आवरला पाहिजे. घराण्याचा वाटा हा जातीचाही वाटा होता. सुताराच्या म्हाताऱ्याचे ताट सुटत नसे, तसे महाराच्या पोराचे गावकीचे कामही सुटत नसे. महार वतन हे वेठीचे दुसरे नाव आहे हे ओळखून डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. वतने पुरती जाण्यास पुढे आणखी तीस वर्षे लागली. म्हातारपणच्या भाकरीसाठी नातवंडांचे तारुण्य गहाण पडत असेल, तर तसला आधार नको म्हणणारेच बरोबर होते. दुसरी खोट बायकांच्या बाजूची. निपुत्रिक विधवेस अन्नवस्त्र मिळे, वाटा नव्हे. आणि अन्नवस्त्र देणारा दीर ते कोणत्या तोंडाने देई ते प्रत्येक घराच्या माजघरास माहीत होते. केशवपन केलेली, अंगणाच्या कोपऱ्यात वाती वळीत बसलेली म्हातारी आमच्या कथाकादंबऱ्यांतून इतकी भेटते, की ती सुखी होती असे म्हणण्याचे धाडस करवत नाही. मुंबईचे शस्त्रवैद्य डॉ. गो. वि. देशमुख यांनी पुढाकार घेतला आणि १९३७ साली हिंदु स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा झाला. त्याने विधवेस पतीच्या मिळकतीत तिच्या हयातीपुरता मुलाबरोबरीचा हिस्सा दिला. लोक त्यास देशमुख कायदाच म्हणत. परंतु १९४१ साली फेडरल कोर्टाने असा निर्णय दिला, की शेतजमीन हा प्रांतांचा विषय असल्याने हा कायदा तीस लागू नाही. फुलसावंगीसारख्या गावात शेताखेरीज मिळकत ती कोणती! शहरातील विधवेस हिस्सा आणि खेड्यातील विधवेस कोरडे नाव, असे झाले. प्रांतोप्रांती निराळे कायदे करून ती उणीव भरावी लागली.

वऱ्हाडात जुन्या वाट्याची वीण उसवण्यास १८६० नंतर प्रारंभ झाला. मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी झाली, सर्व्हे नंबर पडले, आणि प्रत्येक नंबरापुढे खातेदाराचे नाव आले. नावावरची जमीन विकता येते व गहाण टाकता येते. त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धाने कापसाचा भाव चढला, आगगाडी वऱ्हाडात शिरली, आणि काळ्या जमिनीस सोन्याचे मोल आले. पैसा खेड्यात खेळू लागला याचे आम्हांस दुःख नाही. मात्र खळ्यावरच्या पेंढीचा नगद पगार झाला, की तो राबणाऱ्याच्या हाती पडतो आणि न राबणाऱ्यास त्याच्याकडे मागावा लागतो. ज्या घरात पूर्वी म्हातारा वाटणी करीत असे, त्या घरात तो आता मागणारा झाला. हे एका दिवसात झाले नाही, सर्वत्र सारखेही झाले नाही. पण दिशा हीच होती.

सरकारदरबारी वृद्धाची वृद्ध म्हणून नोंद प्रथम झाली ती दुष्काळात. १८८० च्या दुष्काळ कमिशननंतर प्रांतोप्रांती जी दुष्काळी नियमावली तयार झाली, तिच्यात धडधाकटांस खडी फोडण्याचे काम आणि आंधळे, पांगळे व जराजर्जर यांस काम न घेता मदत, अशी विभागणी होती. अशांची यादी गावच्या पाटलाने करावयाची. १८९९-१९०० चा दुष्काळ वऱ्हाडावर विशेष कठोरपणे कोसळला. त्या वर्षी या याद्या गावोगाव झाल्या. माणूस म्हातारा आणि निराधार आहे हे कोणी परक्याने कागदावर लिहून देणे, त्यावर त्याचे जेवण अवलंबून असणे, ही नवी गोष्ट होती. अन्नवस्त्राचा दावा लावणारा उभा राहून बोले. यादीत नाव घालवून घेणारा ओट्याखाली बसे.

पुण्यात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६३ साली वृद्ध व अपंगांसाठी अनाथ पंगुगृह निघाले, ते आजही ‘निवारा’ या नावाने चालू आहे. मध्यमवर्गास मात्र असल्या संस्थांशी आपला संबंध येईल असे फार दिवस वाटले नाही. त्यांचा आधार मित्रमंडळ. महात्मा फुले यांस १८८८ साली अर्धांगवायूचा झटका आला व उजवा हात निकामी झाला. त्या माणसाने डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहून पुरे केले. ते त्यांच्या निधनानंतर १८९१ साली छापून निघाले. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी औषधोपचार केले, मामा परमानंदांनी मदतीसाठी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला. ज्याने पुण्यास मुलींची शाळा काढली आणि विधवांच्या मुलांसाठी घर उघडले, त्याच्या अखेरच्या आजारात समाजाकडे त्याच्यासाठी नेमलेले असे काहीही नव्हते. मित्र होते म्हणून निभावले.

याउलट चित्र महर्षी कर्व्यांचे. १८५८ साली जन्मलेला हा गृहस्थ १९६२ साली, एकशेचार वर्षांचा होऊन गेला. त्यांच्या प्रकृतीचे रहस्य काय, हे विचारावयास माणसे येत आणि साधा आहार व पायी चालणे असे कोरडे उत्तर घेऊन परत जात. आम्हांस त्यात आणखी एक भर घालावीशी वाटते. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, १९३६ साली, त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले आणि वर्गणीसाठी दारोदार फिरू लागले. ज्याच्याकडे उद्या सकाळी जाण्याचे ठिकाण आहे त्याचे गुडघे उशिरा दुखतात. सुश्रुताने जरा ही भूक, तहान, झोप व मृत्यू यांच्या पंक्तीस, स्वाभाविक व्याधींत बसविली आहे. रसायनाने ती लांबते, टळत नाही. सूर्यनमस्काराचा पुरस्कार करणारे पंडित सातवळेकर शंभरी ओलांडून १९६८ साली गेले, त्यांचेही हेच. खेड्यातील म्हाताऱ्यास व्यायामाचा उपदेश करण्याचे कारण नाही, त्याचे आयुष्य चालण्यातच गेले आहे. त्यास प्रथम डोळे हवेत. मोतीबिंदू काढला की तुरीच्या शेंगा खुडता येतात, नातवंड सांभाळता येते, दाण्यातले खडे निवडता येतात. आणि खडे निवडणाऱ्या हातास कोणी ताट आदळून वाढीत नाही. अंधत्वनिवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. आमच्या समजुतीप्रमाणे खेड्यातील वृद्धांची घरातील पत त्याने जितकी राखली, तितकी पुष्कळ प्रवचनांनी राखली नसेल.

स्वातंत्र्यानंतर कायद्याने जुना दावा पुन्हा उभा करण्याचा प्रयत्न केला. १९५६ च्या हिंदु दत्तक व पोषण कायद्याने म्हाताऱ्या आईबापांचे पोषण मुलाप्रमाणे मुलीवरही टाकले. १९७३ च्या फौजदारी संहितेने हा दावा सर्व धर्मीयांस मोकळा केला. त्यावरून निघालेला एक खटला आपल्याकडचाच आहे. कल्याणच्या एका डॉक्टर असलेल्या विवाहित मुलीकडे तिच्या पित्याने दरमहा पाचशे रुपये पोटगी मागितली. कायद्यातील शब्द ‘त्याचा बाप’ असा पुल्लिंगी आहे, तेव्हा जबाबदारी मुलाचीच, असा मुलीच्या बाजूचा मुद्दा. कल्याणच्या मॅजिस्ट्रेटाकडून निघून हे व्याकरण १९८७ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि पुल्लिंगात स्त्रीलिंग येते, लग्न झाल्याने मुलीचे मुलगीपण संपत नाही, असा निकाल झाला. या पित्याने पहिल्या पत्नीच्या मृत्यूनंतर दुसरे लग्न केले होते, आणि खटला भरला तो पहिल्या पत्नीच्या मुलीवर. घरातले सारे काही निकालपत्रात उतरत नसते. २००७ च्या कायद्याने कोर्टाऐवजी उपविभागीय अधिकाऱ्याकडे जाण्याची सोय केली, आणि सांभाळण्याच्या अटीवर लिहून दिलेली मिळकत, न सांभाळल्यास परत घेण्याची मुभा दिली. तरुणपणी सातबारावरचे नाव मुलास देऊन मोकळ्या झालेल्या बापांसाठी हे कलम आहे. त्याचा उपयोग किती जण करतील याविषयी आम्ही साशंक आहो. मुलाविरुद्ध अर्ज देणारी आई अर्ज दिल्यावर रात्री झोपावयास त्याच घरी जाते.

आणि पुष्कळ घरांत अर्ज देण्यास मुलगाच उरलेला नाही. यवतमाळ जिल्ह्याचे नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर झाले; त्या बातम्यांत मेलेल्याची विधवा दिसे, क्वचित मुले दिसत, मागे भिंतीशी बसलेले त्याचे आईबाप बहुधा चौकटीबाहेर राहत. कर्ज बापाच्या नावावर, फाशी मुलाने घेतलेली, आणि पेरणी पुन्हा बापाने करावयाची, अशी ही वार्धक्याची तऱ्हा आमच्या धर्मशास्त्रकारांस सुचली नव्हती. जी मुले आहेत ती पुण्याकडे, हैदराबादेकडे कामास गेली. याच जिल्ह्यात आर्णीजवळ उमरी पठार येथे संत दोला महाराजांच्या नावाने वृद्धाश्रम चालतो. वृद्धाश्रम हा शहरी मुलांचा शोध आहे असे समजणाऱ्यांनी तो पाहावा.

राहिला सरकारी वाटा. महाराष्ट्राने १९८० साली संजय गांधी निराधार अनुदान योजना काढली. मागाहून श्रावणबाळाच्या नावाची योजना आली. केंद्र सरकारने १९९५ च्या १५ ऑगस्टपासून पासष्टीवरील निराधारांस दरमहा ७५ रुपये देऊ केले. दुष्काळाची सक्ती नसताना म्हातारपण एवढ्याच कारणासाठी साऱ्या देशात रोख रक्कम मिळण्याची ही पहिली वेळ. महाराष्ट्रात ही मदत वाढत वाढत २०२३ साली दीड हजारांवर आली. दीड हजारांत कोणाचा महिना निघत नाही, हे खरे. पण आपल्या नावाने बँकेत काही येते, त्यातून नातवास वही घेऊन देता येते, हे काही थोडके नाही. हरवलेल्या वाट्याचा हा तुकडा आहे, आणि म्हातारी माणसे तो तसाच मोजून घेतात.

तो हाती पडेपर्यंतचे सोपस्कार मात्र दुष्काळी यादीच्या जवळचे आहेत. दरसाल हयातीचा दाखला द्यावा लागतो. अंगठ्याच्या यंत्रावर, आयुष्यभर निंदण-खुरपण करून गुळगुळीत झालेला अंगठा उमटत नाही. यंत्र म्हणते, हा माणूस तो नव्हे. आणि सर्वांआधी वयाचा पुरावा. शाळेत गेलेल्यांजवळ शाळेचा दाखला असतो. जी कधी शाळेत गेली नाही तिचे वय शोधावयाचे म्हणजे तहसिलीतील जुन्या कोतवाल बुकाकडे जावे लागते. विदर्भातील गावांचे जन्ममृत्यू कोतवाल या वह्यांत नोंदवून आणीत असे. ती पाने आता पिवळी पडली आहेत, काहींची अक्षरे मोडीत आहेत. नोंद सापडलीच तर तिच्यात तारीख असते, बापाचे नाव असते, जात असते, आणि पुढे पुष्कळदा एवढेच लिहिलेले असते, की मुलगी झाली. मुलीचे नाव बारशानंतर पडले, वही तोवर पुढच्या घरी गेलेली होती. ती मुलगी म्हणजे आपणच, हे आता सत्तरीच्या म्हातारीने कारकुनास पटवून द्यावयाचे असते.